लंडनने वापरलेला

नायजेरियातल्या बेनिन शहरातले निवृत्त व्हाइस प्रिन्सिपल ओमोरुयी सर एका गोष्टीवर ठाम होते. वस्तू घ्यावी तर लंडनकरांनी वापरून टाकलेली. नवी घेऊ नये, कारण नवी म्हणजे नक्कल. आणि आपल्या माणसाने वापरलेली तर मुळीच नको, कारण आपल्या माणसाच्या हाताला, त्यांच्या मते, मुळात शिस्तच नव्हती. त्यांची गाडी लंडनची, फ्रिज लंडनचा, इस्त्री लंडनची. गादीसुद्धा लंडनची होती, आणि तिच्यावर कोण गोरा किती वर्षं घोरला असेल हा विषय घरात काढायला बंदी होती.

अशा बापाला सोबत घेऊन त्यांची लेक उवायला लॅपटॉप आणायला निघाली. बिचारी! करते काय, पैसे बापाचे होते. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिची परीक्षा होती. परदेशी कंपनीचं घरबसल्या काम, सिनेमातले संवाद ऐकून टाइप करायचे. परीक्षा दोन तासांची आणि एकदाच मिळणारी. मध्येच स्क्रीन बंद पडली की नाव कटलं. वर्षभर अर्ज केल्यावर तिला आलेलं हे पहिलंच उत्तर होतं.

"मला गेम खेळायचे नाहीत, पप्पा," ती रस्ताभर सांगत होती. "दिसायला कसा का असेना, बॅटरी टिकली पाहिजे. आपल्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते."

"मला शिकवतेस? तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी."

बाजारात पहिलं दुकान मॅडम पेशन्सचं होतं. बाई सरळ होती. तिने एक काळा लॅपटॉप पुढे ठेवला आणि स्वतःच वायर उपसून बाजूला टाकली. "बँकेतल्या कारकुनाचा आहे, प्रिन्सिपल साहेब. दोन वर्षं वापरलाय. बॅटरी चार तास कुठे जात नाही. अर्धा तास इथेच बसा, पाणी प्या, बघा."

"कुठल्या बँकेतला?"

"ही काय, पलीकडच्या रस्त्यावरची."

सरांनी लॅपटॉपवरचा हात काढून रुमालाला पुसला. "म्हणजे इथलाच."

"साहेब, कारकून इथला आहे, लॅपटॉप चांगला आहे."

"पप्पा, हाच घेऊ," उवायला म्हणाली.

पण पिकतं तिथं विकत नाही. सर चार दुकानं पुढे गेले आणि तिथे त्यांचं दैव उभंच होतं. विक्रेत्याने राखाडी लॅपटॉप उपडा करून दाखवला. तळाला हातभर स्टिकर: लंडनमधल्या कुठल्याशा शाळेचं नाव आणि नंबर. झाकणावर कुणा पोराने टोकाने कोरलेलं विमान.

"बघ!" सर हरखले. "गोऱ्या पोराचा ओरखडा आहे हा. असा ओरखडा इथे कुणाला जमेल?"

विक्रेत्याने फुटबॉलचा गेम लावला. खेळाडू धावले, गोल झाला, सरांनी टाळी वाजवली.

"वायर काढून दाखवा ना," उवायला म्हणाली.

"काढतो की, ताई. पण बोटीतून आलाय, थकलाय जरा."

"अगं, लंडनच्या शाळेतल्या वस्तूवर संशय?" सरांनी तिलाच झापलं. "लाज आण जरा!" आणि पैसे मोजून मोकळे झाले. पावतीवर खाली बारीक अक्षरात होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ते बारीक अक्षर सरांनी वाचलं नाही. तिथेही इंग्रजीच होतं, पण लंडनचं नव्हतं ना.

शनिवारी दुपारी लाइट गेली आणि लॅपटॉपही त्याच क्षणी गेला. उवायला नुसती बापाकडे बघून आत निघून गेली. सरांनी लॅपटॉप उलटा केला. तळ चांगलाच तापला होता. उकाड्याने स्टिकरचा कोपरा सुटला होता. त्यांनी तो ओढला.

खाली पांढरा रंग होता, आणि त्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं: "बॅटरी मेली. निकामी. काढून टाकावा." त्याखाली सही.

अक्षर वळणदार होतं. का नसणार? त्यांचंच होतं. सहा वर्षांपूर्वी, निवृत्त व्हायच्या आधी, शाळेच्या स्टोअरमधले बारा लॅपटॉप त्यांनीच असे शेरे मारून भंगारात काढले होते. ते विमान कोरणारं कार्टंही मग त्यांच्याच वर्गातलं असणार.

दुकानात जाऊन भांडायचं? म्हणजे भर बाजारात स्वतःचाच शेरा मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यांनी गोंदाची बाटली शोधली, स्टिकर घाईघाईने परत चिकटवला आणि लॅपटॉप गुपचूप पोरीच्या टेबलावर ठेवून दिला. खोटं कशाला सांगा, माणूस पोरीसाठी रडकुंडीला आला होता, पण नाक तेवढं वरच होतं.

सोमवारी साडेआठलाच त्यांनी मागच्या अंगणातला छोटा जनरेटर सुरू केला आणि लॅपटॉपची वायर आधीच त्याला जोडून टाकली. याला सगळं शहर 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' म्हणतं, अंधारातल्या शेजाऱ्यापुढे मिरवण्यापुरता, एवढासा असतो तो. पेट्रोलची नळी सैल होती, हात सोडला की इंजिन आचके द्यायचं. म्हणून सर पांढऱ्या शर्टात, भर उन्हात, नळी चिमटीत धरून उकिडवे बसले. नऊ वीसला लाइट गेली. ती जाणारच होती.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "सर, दिवसाढवळ्या जनरेटर? लग्नबिग्न आहे का?"

"लंडनची मशीन आहे," सर धुरात खोकत म्हणाले. "तिला इथली वीज मानवत नाही."

गुडघे भरून आले, शर्ट काळा झाला, चिमटीला चटके बसले. एकदा इंजिनाने आचका दिला तेव्हा सरांच्या तोंडून देवाचं नाव निघालं, आणि ते नक्कीच फिजिक्समध्ये नव्हतं. पण त्यांनी हात सोडला नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी उवायला बाहेर आली. डोळे लाल होते, पण हसत होती.

"झालं?"

"झालं, पप्पा. सगळं पाठवलं. एकदाही बंद पडला नाही."

सरांनी नळी सोडली. इंजिन धापा टाकत थांबलं. "बघितलंस?" ते उठता उठता म्हणाले. "मी काय सांगत होतो, लंडनची वस्तू..."

"पप्पा, स्टिकर उलटा चिकटवलाय तुम्ही. मी काढून बघितला."

सरांनी हात धुवायला पाणी मागितलं.

तिने तांब्याने त्यांच्या काळ्या हातांवर पाणी ओतलं. चिमटीवर फोड आला होता, तिथे पाणी हळू सोडलं. "तुमचं अक्षर मी ओळखणार नाही होय? माझी सगळी प्रगतिपुस्तकं त्याच अक्षरात आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "नोकरी लागली तर पहिल्या पगारात मॅडम पेशन्सकडचा घेऊ. कारकुनाचा."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत बॅटरी तुम्हीच. पेट्रोल भरून ठेवा."

सरांनी हात शर्टालाच पुसले आणि कॅन उचलून पेट्रोल आणायला निघाले.