नावं झाकलेले उंदीर

उर्वी डोंबिवलीची, आणि डोंबिवलीकरांना वाद घालायला आमंत्रण लागत नाही. पण ठाण्याच्या ज्या प्रयोगशाळेत ती पीएचडी करत होती, तिथे प्रमुख प्रभाकर सरांसमोर कोणी तोंड उघडत नसे. उंदरांच्या मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी स्कॅनवर मोजण्यात सरांची हयात गेली होती. नव्या औषधाने गाठी आक्रसतात, असं त्यांनी हाताने घेतलेलं माप सांगत होतं. उर्वीने गाठी मोजायला शिकवून तयार केलेलं मशीन मात्र म्हणत होतं, काडीचाही फरक नाही.

सरांनी फर्मान सोडलं की मशीनचे आकडे अहवालातून काढायचे आणि खाली सही करायची. अहवाल पुढे गेला की हे औषध माणसांना द्यायची तयारी सुरू होणार होती. उर्वीने साफ नकार दिला. मग पीएचडीचं विसर, असंही तिला गोड शब्दांत सांगून झालं. तरी ती हटली नाही.

गोम कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. गाठीची कड स्कॅनवर पुसट असते. रेघ जरा आत घ्यायची की बाहेर, हे मोजणाऱ्याच्या मनावर. काही पिंजऱ्यांतल्या उंदरांना औषध दिलेलं, काहींना नाही; सर प्रत्येक स्कॅन उघडताना वरचं पिंजऱ्याचं नाव वाचत, आणि औषधाचा उंदीर निघाला की रेघ आपसूक आत सरके. लबाडी म्हणावी तर तीही नाही. औषध त्यांनी लेकरासारखं वाढवलेलं, त्याचं वाईट डोळ्यांना दिसेना. मशीनला पिंजरे माहीतच नव्हते.

"नावं झाकून परत मोजा ना, सर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मशीन चुकलेलं निघालं तर मी लगेच सही करते."

सर हसले. आपल्या नजरेवर त्यांचा एवढा भरवसा, की मागे हटणं त्यांना कमीपणाचं वाटलं. स्कॅन सांभाळणाऱ्या हेमांगीने नावं काढून सगळे स्कॅन एकमेकांत मिसळले. सर मान मोडून रेघा ओढत बसले. मग नावं उघडली. औषध दिलेले उंदीर आणि न दिलेले, दोघांच्याही गाठी सारख्याच.

 हेमांगीला बाहेर पाठवून सर हलक्या आवाजात म्हणाले, "हे डिलीट कर, उर्वी. पहिलंच माप ठेवू."

उर्वीला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला.

"नाही करणार, सर. मशीनचं माप तुम्ही खोटं म्हणालात, मी ऐकून घेतलं. हे तर तुमच्या हातचं आहे."

तिने अहवालात मशीनच्या शेजारी नवा रकाना उघडला, वर सरांचं नाव घातलं आणि त्यांच्यादेखत आकडे भरायला घेतले.