शलगमाची मुक्ती

केपलिन कोव्ह या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या सभागृहात रविवारी दुपारी एवढी गर्दी, की चहाच्या टेबलावर ठेवलेल्या ओटच्या बिस्किटांपर्यंत माझा हात पोहोचेना. सगळ्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. समोर पांढरी चादर टांगलेली, आणि तिच्यावर आमच्या एफी मॅकिसॅकचा भलामोठा फोटो. फोटोत तिच्या खांद्याभोवती लाल, हिरवे, निळे ठिपके नुसते बुजबुजले होते.

"पाहिलंत?" आत्म्यांचे फोटो काढणारा लॉर्न व्हिकरी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हिरवा तो समाधानी आत्मा. निळ्याला काहीतरी सांगायचंय. आणि लाल... एफीताई, लाल म्हणजे तळमळणारा."

"डंकनच तो," एफी पुटपुटली. "जिवंत होता तेव्हाही असाच तळमळायचा. उकडलंय म्हणून, थंडी वाजतेय म्हणून."

डंकन तिचा नवरा. त्याला समुद्राने नेलं, ते परत दिलंच नाही. थडगं नाही, काही नाही. अशा बाईला कुणी खांद्यावर बोट ठेवून 'इथे आहे तो' म्हटलं, तर ती काय करणार?

व्हिकरीचा दुसरा चमत्कार याहून मोठा होता. त्याचं नाव 'मुक्ती'. माणसाने खुर्चीत दगडासारखं बसायचं, कॅमेरा तिपाईवर, व्हिकरी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना म्हणणार. प्रार्थना संपली, की पडद्यावर नवा फोटो. चेहरा आरशासारखा स्वच्छ, ठिपका औषधालाही नाही! आत्मा सुटला! बायका रडायच्या, पुरुष टोप्या काढायचे. एकदा अँगस रोरी मध्येच शिंकला, तर फोटोत त्याला दोन नाकं आली. "आत्म्याने लाथ मारली," व्हिकरीने खुलासा केला, आणि अँगस आठवडाभर नाक चाचपत फिरला.

एफीच्या बाबतीत मात्र मुक्ती टिकेना. दर रविवारी लाल ठिपके परत हजर. शेवटी त्या रविवारी व्हिकरीने निदान केलं, "त्याचा जीव घरच्या बोटीत अडकलाय. बोट माझ्या स्वाधीन करा. मी ती विधिपूर्वक दूर नेईन."

ही बोट घेऊन एफीची मुलगी मोराग वसंतात लॉबस्टर पकडायला जाणार होती. ती ताडकन उठली. "आई, मग मी काय पोहत जाऊ?"

"बापाच्या आत्म्यापेक्षा तुला लॉबस्टर मोठा?" एफी कडाडली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ऊना बीटन पुढे आल्या. अर्ध्या गावाला विज्ञान त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे पन्नाशीची माणसंसुद्धा आपोआप ताठ बसली. बाईंच्या गळ्यात कॅमेरा. पहाटेच्या अंधुक उजेडात पक्ष्यांचे फोटो काढायचं त्यांना वेड.

"व्हिकरीसाहेब, मीही एक फोटो काढू?"

"आत्मे वाटेल त्याला दर्शन देत नाहीत, बाई."

"बघू या की. माझं वय झालंय, कदाचित ओळखतील."

बाईंनी कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता पार टोकाला नेली, भिंगावर झाकण घट्ट बसवलं आणि कळ दाबली. फोटो पडद्यावर आला. काळाकुट्ट अंधार, आणि त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके!

अँगस रोरी म्हणाला, "म्हणजे आपले पूर्वज झाकणात राहतात?"

"आत्म्यांना झाकणाची अडचण नसते!" व्हिकरी घाईघाईने म्हणाला.

"बरं," म्हणत बाईंनी स्वयंपाकघरातून शलगमाचा एक कंद आणून खुर्चीत ठेवला, झाकण काढलं आणि त्याचा फोटो घेतला. शलगमही ठिपक्यांनी भरलेला.

"कुणाचा आत्मा हा, व्हिकरीसाहेब?"

"ते... ज्याने हा पिकवला त्याचा."

"मी पिकवलाय!" मोराग ओरडली. "आणि मी अजून मेले नाहीये!"

हशा उसळला. बाईंनी कॅमेरा तिपाईवर ठेवून फोटोंमागून फोटो काढले. प्रार्थनेऐवजी शिट्टीवर नाचाची धून वाजवली. मग सभागृहातल्या संगणकाने ते सगळे एकत्र केले. पडद्यावर लखलखीत, डागरहित शलगम अवतरला. शलगमाला मुक्ती मिळाली होती.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "दूरचं रेडिओ स्टेशन नीट लागत नाही, म्हणून आवाज वाढवला की खरखरही वाढते ना? तसंच हे. अंधारात कॅमेऱ्याला उजेड कमी मिळतो. मिळेल तेवढा तो वाढवून दाखवतो, त्याबरोबर खरखरही वाढते. ते हे ठिपके. प्रत्येक फोटोत ते बहुतेक नव्या जागी पडतात, शलगम मात्र जागचा हलत नाही. पुष्कळ फोटोंची सरासरी काढली, की ठिपके एकमेकांत विरतात आणि शलगम उरतो. माणूस हलला तर मात्र दोन नाकं येतात. अँगस, तुझं नाक ठीक आहे."

व्हिकरी सामान आवरू लागला. त्याला कुणी अडवलं नाही, पण दारही कुणी उघडून दिलं नाही.

एफी रागावली ती व्हिकरीवर नाही, बाईंवर. "तुम्ही त्याला माझ्या खांद्यावरून हाकललंत!"

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "एफी, तो तिथे नव्हताच गं. डंकन कुठे आहे, मला माहीत नाही. 'मला माहीत आहे' असं कुणी सांगितलं, तर त्याला विचार, 'तुला कसं कळलं?'"

एफीने डोळे पुसले आणि मोरागला म्हणाली, "बोटीचा तळ गळतोय. बर्फ वितळायच्या आत डांबर लाव."

वाचकहो, दुःखात माणसाचं डोकं चालत नाही, हा काही गुन्हा नाही. त्या दुःखाचं दुकान मांडणं हा गुन्हा आहे. म्हणून चमत्कार दिसला की आधी हात जोडू नका. तो कसा झाला ते विचारा, आणि स्वतः करून बघा. जे खरं असेल, त्याला तुमच्या प्रश्नांची भीती वाटणार नाही.