मार्कंड्याच्या जत्रेतला हिरवा अर्क

त्या हिरव्या अर्काच्या नुसत्या वासानं बायनाबाईला उमासे यायचे. रोज सकाळी अनशापोटी अर्धी वाटी. कुजक्या डबक्याची चव, आणि मेली दिवसभर जिभेवरून हलायची नाही. भातावरची वासनाच उडाली होती. चोळी अंगावर लोंबत होती.

पुतण्या प्रफुल मात्र खूश. जंगलातला पाला उकळून तो हा मधुमेहावरचा अर्क विकायचा. मार्कंड्याच्या जत्रेत त्यानं दुकान थाटलं होतं. दुकानावर काकीचा हा मोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरं, ‘रक्तातली साखर उतरली!’ न उतरून सांगते कुणाला? पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. पण दवाखान्याच्या गोळ्या सोड म्हणाला, तर तिनं सोडल्या. घरचं पोर, आपलं वाईट कशाला करेल?

आज तिनं लोकांसमोर चार शब्द बोलायचे होते. तोवर ती दुकानामागं जावेजवळ, म्हणजे प्रफुलच्या आईजवळ बसली. साखरेचा आजार गुणाबाईलाही होता. जेवण झाल्यावर तिनं बटव्यातून गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

"बाई, तू अर्क नाई घेत?"

"नाई वो. प्रफुलनंच मना केलं. म्हने, माय, तू गोळ्याच खाय. चंद्रपूरच्या डॉक्टरकडं तोच नेते मले."

बायनाबाईच्या तोंडात ती हिरवी घाण आपोआप भरून आली. या कार्ट्याला आपण कडेवर खेळवलं, आपल्या ताटातला घास भरवला. तिला त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भाबडेपणाची.

"काकी, चाल, लोक वाट पाहून राह्यले!" प्रफुलनं हाक मारली. समोर ही गर्दी. तो माईकमध्ये गोड आवाजात म्हणाला, "सांग काकी, कसा फायदा झाला?"

बायनाबाईनं बाटली उघडली, वाटी काठोकाठ भरली आणि जावेला हाताला धरून पुढं आणलं.

"फायदा झाला म्हनून तर बाईले पाजाचं हाय. घे बाई. तुयाच पोराच्या हातचं हाय."

बिचाऱ्या गुणाबाईनं वाटी ओठाला लावली.

"माय, पिऊ नोको!" प्रफुल ओरडला आणि त्यानं वाटी हिसकून घेतली. माईक त्याच्याच हातात होता. भोंग्यातून ते शब्द देवळाला वळसा घालून नदीच्या वाळूपर्यंत गेले.

बायनाबाई त्याच्या पायाशी पचकन थुंकली.