बांधावरचं वळण

लेसिएलीची सायकल तीन आठवडे अंगणात नीरफणसाच्या झाडाला टेकून उभी होती आणि सीटवर कोंबडी झोपत होती. ती सायकल का चालवत नाही, याचं कारण घरात प्रत्येकाकडे तयार होतं. आई म्हणे, पोरगी उन्हाने काळवंडायला भिते. बाप म्हणे, पडायला भिते. गेल्या वर्षी तर परदेशातून आलेल्या एका बाईंनी घरोघर फिरून, गावच्या मुली सायकल का चालवत नाहीत, हे वहीत लिहून घेतलं होतं. सगळ्या मुलींनी एकसुरात 'ऊन' सांगितलं. बाईंनी बिचाऱ्यांनी ते खरं मानून टोप्या वाटल्या.

खरं कारण वळणावर उभं असायचं. लिफुका या त्यांच्या बेटाहून शेजारच्या फोआ बेटाकडे जाणारा समुद्रातला बांध जिथे सुरू होतो, तिथे गावची पोरं सकाळी सहापासून खांबांना जाळी टांगून उभ्याने सांधत, आणि त्यांच्यात लेसिएलीचा थोरला भाऊ फाताई असे. त्या पोरांच्या जिभेला हाड नव्हतं. सायकलवरून मुलगी गेली की कोणीतरी काहीतरी बोलणारच. एरवी मुलींनी ऐकून घेतलं नसतं, त्याही काही कमी नव्हत्या. पण भावाच्या देखत बहिणीविषयी वावगा शब्द निघाला की सगळंच संपलं. भावाने एक तर मान खाली घालून निघून जायचं, नाही तर बोलणाऱ्याला ठोकायचं. मागच्या साली गावातल्या सिसिलियाच्या सायकल चालवण्यावरून कोणी एक फुटकळ विनोद केला, तिच्या भावाने त्याचा जबडा मोडला, आणि ती दोन घरं अजून चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी शिरतात. सिसिलिया तेव्हापासून पायी चालते. तिचं पाहून बाकीच्याही.

आणि लेसिएलीला फोआच्या दवाखान्यात शिकाऊ नर्स म्हणून घेतलं होतं. सातच्या ठोक्याला हजर व्हायचं. बस मात्र ड्रायव्हरला जाग आली की निघायची. तीनदा उशीर झाल्यावर मोठ्या नर्सबाईंनी आवाज न चढवता सांगितलं की सोमवारी उशीर झाला तर ही जागा दुसऱ्या मुलीची. एवढ्या एका जागेसाठी लेसिएलीने दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर वीकाआत्या जेवायला आली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. त्या घरात तिच्या वर फक्त छप्पर. तिने शांतपणे ताटातला तारोचा कंद संपवला, बोटं पुसली आणि लेसिएलीला म्हणाली, "सकाळी सायकल पुसून ठेव. माझ्या मागून यायचं."

सोमवारी सहा वाजता आत्या आली ती सायकलवरून. बासष्ट वर्षांची, दारात उभी राहिली तर उजेड अडेल एवढी थोराड बाई. घोट्यापर्यंत काळा झगा, कमरेला लग्नकार्यात मानाने गुंडाळतात ती उत्तम विणीची चटई, आणि खाली एखाद्या लहान पोराची असावी तशी इवलीशी दिसणारी सायकल. लेसिएली बघतच राहिली. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आत्या इतकी ताठ बसली होती की सायकलच तिला शोभत होती.

वळणावर पोरं जाळी सांधत उभीच होती. पुढे कोणाचं तरी तोंड बोलायला उघडलं आणि तसंच राहिलं. आत्याने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकला आणि नुसतं पाहिलं. त्यातल्या निम्म्या पोरांची ती कुठल्या ना कुठल्या नात्याने आत्याच होती, आणि आत्यापुढे कोणी उभं राहत नाही, मान द्यायचा तो जमिनीवर बसून. हातातल्या सुया तशाच धरून पोरं एकेक करून मातीत बसली, माना खाली. शेवटचा बसेपर्यंत ती थांबली. मग पायडल मारून पुढे गेली आणि लेसिएली तिच्या मागून.

बांधावर दोन्हीकडे समुद्र उजळत होता. याच बांधावरून ती बसने शेकडो वेळा गेली होती, पण तो एवढा मोठा आहे हे तिला आजच दिसलं.

पावणेसातला दवाखान्याचं दार बंदच होतं. आत्या उतरली तेव्हा झग्याखाली सोललेल्या नडग्या दिसल्या.

"आत्या, हे काय?"

"चर्चमागच्या मैदानात तीन संध्याकाळी पडले. चाळीस वर्षांनी चढले ना." आत्या पायरीवर टेकली. "तुझ्याएवढी होते. त्याच वळणावर कोणी बोललं आणि तुझ्या बापाने त्याला बदडलं. मारामारी अख्ख्या गावाने पाहिली. मी सायकलवरून उतरले ती उतरलेच, ते कोणी पाहिलं नाही."

लेसिएलीने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि तिच्या नडगीला लावला.

"बहीण भावाच्या वरची, हे घरात सगळ्यांना पाठ आहे," आत्या म्हणाली. "रस्त्यावर आले की विसरतात. आज आठवण करून दिली. उद्या मी येणार नाही."

मंगळवारी लेसिएली एकटीच निघाली. वळणाला तिने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पोरं उभीच होती. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. तेवढ्यात फाताईने जाळं सोडलं, दोन पावलं रस्त्याकडे आला आणि मान खाली घालून मातीत बसला. पोरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि तीही बसली. लेसिएली पुढे गेली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात सोडायची तिची हिंमत नव्हती.

संध्याकाळी आत्या त्यांच्याच ओसरीवर चटई विणत होती. आधी कोण बसलं, एवढंच तिने विचारलं.

"दादा."

आत्याचे हात थांबले. अंगणात बाप नारळ सोलत होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "ऐकलंस का रे?"

बापाने कोयता बाजूला ठेवला आणि तिथेच, सोडणांच्या ढिगाशेजारी, मान खाली घालून जमिनीवर बसला.