डाव्या गालाचा रेझर

मित्रांनो, मी एक जुना, पट्ट्यावर चालणारा रेझर आहे. या खणात माझ्या शेजारी आणखी एक जुना रेझर पडलेला आहे. त्याला घरात पेटीवाला म्हणत. मला त्याचा हेवा वाटतो. तरुणपणी वाटत होता, आणि आता आम्ही दोघे सारखेच निकामी झालो तरी वाटतो. तेव्हा त्याच्याविषयी मी जे सांगेन, त्यात थोडे मीठमसाल्याचे धरून चाला.

आमच्या आधी दाढीचे काम वस्तऱ्याकडे होते. वस्तरा म्हणजे उघडे पाते. हात चुकला की गाल कापलाच. मग कारागिरांनी पात्यापुढे एक दातेरी आडकाठी बसवली आणि सेफ्टी रेझर तयार झाला. भीती गेली, पण एक अडचण उरली. तेव्हाची पाती जाड असत, वापरून फेकायची नसत. थोड्याच दिवसांत त्यांची धार जाई. मग पाते बाहेर काढा, चिमट्यात धरा, चामड्यावर परजा, पुसा, परत बसवा. या खटाटोपात गाल वाचे आणि बोटे कापत.

माझ्या कारागिराने यावर तोडगा काढला. माझे डोके बिजागरीवर उघडते आणि आत दोन बारीक रूळ आहेत. पात्याच्या खालून, त्या रुळांमधून चामड्याचा लांब पट्टा ओवायचा. पट्ट्याचे एक टोक खुंटीला अडकवायचे, दुसरे ताणून धरायचे आणि मला त्यावरून पुढेमागे ओढायचे. जाताना पात्याची एक बाजू घासली जाते. टोकाला पोचलो की पाते आपोआप कूस बदलते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि येताना दुसरी बाजू घासली जाते. पाते जागचे हलवायला नको. धार लावायची सोय रेझरच्या पोटातच. शिवाय माझ्या मुठीच्या तळाशी एक स्क्रू आहे. तो फिरवला की धार आडकाठीच्या बाहेर जराशी जास्त किंवा जराशी कमी येते. घोटून दाढी हवी असेल तर जास्त, हलकी हवी असेल तर कमी.

एका कापड दुकानदाराने मला विकत घेतले, थोरल्या मुलाला मिसरूड फुटले म्हणून. दुकानदारांना घरात बाबा म्हणत. मीही तेच म्हणतो. बाबा डावखुरे होते. कापड पारखण्याची त्यांची रीत साऱ्या बाजाराला माहीत होती. लोकरीच्या ताग्याचे टोक उचलायचे, डोळे मिटायचे आणि ते डाव्या गालावरून फिरवायचे. बोटे कामाने राठ होतात, गाल राठ होत नाही, असे ते म्हणत. गालाला पोत कळल्याशिवाय तोंडातून भाव निघत नसे.

थोरल्याने मला जिवापाड जपले. दाढी झाली की माझे डोके उघडून धुवायचा, पाते कोरडे करायचा, पट्ट्याला तेलाचा हात द्यायचा. ती माझी सुखाची वर्षे. मग धाकट्यालाही मिसरूड फुटले आणि बाबांनी त्याच्यासाठी पेटीवाला आणला.

काय सांगू त्याचा तोरा! निकेलची चकचकीत पेटी. एका झाकणाच्या आत धार लावायचा दगड, दुसऱ्याच्या आत चामडे. पाते पेटीतच राही, मूठ धरून पुढेमागे ओढली की खर्र-टक, खर्र-टक करत त्या बंद घरात परजले जाई. खुंटी नको, पट्टा ताणायला दुसरा हात नको. पाहुणे आले की धाकटा त्याला बैठकीत नेऊन दाखवी. मला कुणी कधी बैठक दाखवली नाही. माझा पट्टा न्हाणीघराच्या खिडकीला लोंबत असे, आणि थोरल्याची बायको म्हणे, “अहो, तुमचं शेपूट परत माझ्या टॉवेलावर आलंय.”

थोरल्यालाही हे सलत होते. आपल्याला जुनी वस्तू, धाकट्याला नवी. तो तोंडाने बोलला नाही, पण पट्ट्यावरच्या त्याच्या ओढीवरून मला कळे.

एका थंडीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाकडे झालेले तोंड महिन्याभरात सरळ झाले. बोलणे परत आले. डावा पाय ओढत का होईना, ते चालू लागले. डावा हात मात्र उचलेना, आणि उजव्या हाताने दाढी करणे त्यांना जमेना. साबण कानात आणि पाते साबणाबाहेर, अशी गत.

“बाबांची दाढी मी करीन,” थोरला म्हणाला.

“तू दुकान बघ, दादा. मी करतो,” धाकटा म्हणाला. “तुझं शेपूट लटकवायला बाबांच्या खोलीत खुंटी तरी कुठाय?”

“आणि तुझी खडखड ऐकून त्यांना दुसरा झटका आला म्हणजे?”

“गप्प बसा रे!” बाबा खुर्चीतून ओरडले. “गाल दोन आहेत. डावा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. हनुवटी ही सरहद्द. ओलांडलीत तर दाढी वाढवीन.”

अशी वाटणी झाली. आधी मी डावा गाल करायचो, मग पेटीवाला उजवा. थोरल्याचा हात सावकाश. तो केसांची दिशा बघून मला चालवी. धाकटा गडबड्या. मध्येच बाबा “अरे अरे, बेतानं!” म्हणून ओरडत आणि मग त्याचा हात हलका होई. पण दाढी संपली की बाबा उजव्या हाताने उजवा गाल चाचपत आणि म्हणत, “वा धाकट्या! रेशीम केलंस, रेशीम!”

डाव्या गालाविषयी एक अक्षर नाही. रोज तेच. मी एक केस मागे ठेवत नव्हतो, तरी मला ना दाद ना फिर्याद. पेटीवाल्याच्या हातून कानाखाली खुंट राहिलेले मी डोळ्यांनी बघत होतो, आणि रेशीम तो! मित्रांनो, गंज पात्याला लागण्याआधी मनाला लागतो.

पुढे दुकानात एक प्रसंग झाला. माझा मालक आरशासमोर एकटा असला की पुटपुटे, त्यामुळे तो मला तुकड्यातुकड्याने कळला. एक व्यापारी लोकरीचे तागे घेऊन आला होता. बाबांनी नेहमीप्रमाणे कापड डाव्या गालाला लावले, या वेळी उजव्या हाताने, आणि म्हणाले, “मऊ आहे. घ्या.” थोरल्याने हात लावून पाहिला. “बाबा, ही बोचते हो,” तो म्हणाला. बाबा सगळ्यांसमोर कडाडले, “या गालावर दुकान उभं राहिलंय. आता तू मला पोत शिकवणार?” तागे घेतले गेले. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइके शाली परत आणू लागली. मानेला खाज सुटते म्हणाली. तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांदेखत सांगितले, “माल चांगला होता. थोरल्यानं दमट जागी ठेवला.”

थोरला त्या दिवशी घरी आला तो ठरवूनच. दूरच्या गावी एका गिरणीत नोकरी मिळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीच्या वेळी त्याने बायकोला सांगितले, “रविवारी बाबांना सांगतो आणि पुढच्या आठवड्यात निघू. माझा गाल धाकट्याला देऊन टाकतो.”

“गाल देऊन टाकताय की बाप?” ती टॉवेल घड्या घालत म्हणाली.

“तूही त्यांचीच बाजू घे. अगं, इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणावं, बरी झाली म्हणून! परका न्हावी असता तर त्यालाही म्हणाले असते.”

रविवारी त्याने मला पट्ट्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ परजले. मग मुठीचा स्क्रू उलटा फिरवला. धार आडकाठीच्या पुढे आली, पूर्वी कधी आली नव्हती इतकी. जाण्याआधी एकदा बाबांच्या तोंडून दाद काढायचीच, असे त्याच्या मनात होते. मलाही तेच हवे होते. पेटीवाला बाहेर आपल्या पेटीत झोपला होता. त्याच्या आधी आज मी रेशीम होणार होतो.

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांविषयी काहीतरी सांगत होते. थोरल्याने साबण लावला आणि मला गालावरून केसांच्या उलट्या दिशेने, दाबून ओढले. म्हातारपणाची सैल कातडी. दाढी करताना माणूस आतून जीभ लावून गाल फुगवतो. हा गाल कधीच फुगत नसे. जबड्यापाशी कातडीची घडी पडली आणि मी आत गेलो.

फेस गुलाबी झाला. रक्ताची धार मानेवरून सदऱ्याच्या कॉलरीत उतरली. थोरल्याने मला झटकन मागे घेतले.

आणि बाबा बोलतच होते. “ते पांढरं कबूतर आहे ना, ते फार भांडखोर आहे बघ. दुसऱ्याला दाणा टिपू देत नाही.”

धाकटा पेटीवाल्याला घेऊन आत आला. “दादा! रक्त!”

“कुणाचं?” बाबांनी विचारले.

थोरल्याने तुरटीचा खडा पाण्यात बुडवला आणि जखमेवर दाबून धरला. ताज्या जखमेवर तुरटी लागली की भलाभला माणूस कळवळतो. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

“बाबा, मी गालाला काय लावलंय?”

“म्हणजे? साबण.” मग त्यांनी थोरल्याकडे पाहिले, कॉलरीला उजवा हात लावला आणि लाल झालेली बोटे डोळ्यांसमोर धरली.

“झटक्यात गेला,” ते म्हणाले. “बाकीचं सगळं थोडंथोडं परत आलं. हा गाल काही आला नाही. लाकूड झालंय त्याचं.”

“मग ते लोकरीचे तागे...”

“अंदाजानं बोललो. कापडवाल्याचा गाल मेला हे बाजाराला कळलं असतं तर दुकानात कोण आलं असतं? चूक झाली ती तुझ्या माथी मारली. गाल गेल्यावर मी नुसत्या तोंडाच्या जोरावर भागवायला लागलो, दुसरं काय.”

“मला एकदा तरी बरं झालं म्हणायचंत,” थोरला म्हणाला.

“पोत कळल्याशिवाय मी कशाला छान म्हटलंय का कधी? तुझा हात कुठून कुठे गेला हेच मला कळत नव्हतं रे. नुसतं तोंडदेखलं म्हणू?”

धाकट्याला राहवले नाही. “मग बाबा, तो गाल त्याला आणि हा मला, हे कसं ठरवलंत?”

“तुझा हात जड पडतो,” बाबा म्हणाले. “मी ओरडलो की तू हलका करतोस. ज्या गालाला ओरडताच येत नाही, तो तुझ्या हाती देऊन काय करू? तो थोरल्यालाच द्यायला हवा होता.”

धाकटा हातातल्या चकचकीत पेटीकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर जे उतरले ते मी लांबून ओळखले. आमचा फार जुना परिचय आहे. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

थोरल्याने माझा स्क्रू होता तिथे आणला. मला धुतले, पट्ट्यावर दोनदाच हलके फिरवले. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाबांची कातडी ताणून धरली आणि जखम टाळून उरलेला गाल केला, पूर्वी कधी केला नव्हता इतका सावकाश. झाल्यावर बाबांनी विचारले, “कसा झालाय? मला नाही कळत. तूच सांग.”

त्याने गालावरून बोटे फिरवली. “कानाजवळ थोडं राहिलंय.”

“मग काढ की.”

गिरणीचा विषय त्या रविवारी निघाला नाही, पुढच्याही निघाला नाही. पुढे दुकानात तागा आला की बाबा तो थोरल्यापुढे सरकवत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. तो मान हलवेल तेव्हाच भाव बोलत.

नंतर पातळ, स्वस्त पाती आली. बोथट झाली की फेका. धार लावायची कला लोक विसरले आणि आम्ही दोघे या खणात आलो. अजूनही घरातली मुले खण उघडतात ती पेटीवाल्यासाठीच. खर्र-टक करून हसतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. पट्ट्याला तेल नाही, चामडे तडकले आहे, रुळांवर गंज चढला आहे. वस्तू वापरा किंवा वापरू नका, मित्रांनो, पण पुसून कोरडी ठेवा. हेवा करणाऱ्यालाही तेवढा हक्क असावा.

आणि एक विनंती. जो ओरडतो त्याच्यासाठी हात आपोआप हलका होतो, त्यात मोठेसे काही नाही. तुमच्या घरातही एखादे माणूस असेल, कितीही लागले तरी चकार शब्द न काढणारे. ते गप्प आहे म्हणून त्याला लागत नाही, असे धरू नका. त्याच्यापाशी जाताना आधी आपली धार तपासा.