चार बोटांचे कमी माप

मित्रांनो, मीटर म्हटले की तुम्हाला भिंतीवरचा विजेचा मीटर आठवतो, नाहीतर रिक्षाचा. या दोघांना पाहून माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी त्यांचा साधाभोळा धाकटा भाऊ. मी एक जुना सायकलचा मीटर आहे. आकाराने काडेपेटीएवढा, दोन बटणांचा, काचेवर एक ओरखडा असलेला. सायकल किती जोरात चालली आणि किती लांब गेली, एवढेच मी सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते उमंगचे घर. वसईच्या पश्चिमेला, निर्मळजवळ, केळी आणि मोगऱ्याच्या वाडीतले. उमंग तेव्हा कॉलेजात जात असे. त्याने मला सायकलच्या हँडलवर बसवले तेव्हा त्याचे मित्र माझ्याभोवती गोळा झाले होते. "काय भारी आहे रे!" असे ते म्हणाले की माझी छाती फुगायची. पण कौतुकाचे दिवस कुणाचे टिकतात? उमंगला बंगळूरला नोकरी लागली, त्याची सायकल विकली गेली आणि मी एका खणात गंजलेले स्क्रू आणि फुटकी टॉर्च यांच्या सोबतीला जाऊन पडलो. माझा बटणसेल संपला. त्याबरोबर माझ्यात साठवलेले आकडेही पुसले गेले. किती वर्षे गेली, हे मोजायलाही मी जागा नव्हतो.

मला पुन्हा जागे केले ते उमंगच्या आईने. तिचे नाव जयवंती. मित्रांनो, तिच्याविषयी बोलताना माझे आकडे नीट दिसत नाहीत, इतका मी तिचा भक्त आहे. वय पंचावन्नच्या पुढे. पहाटे मोगरा खुडायचा, केळीच्या सोपटावर गजरे बांधायचे आणि सायकलच्या कॅरिअरला टोपली लावून बाजारात न्यायचे, हे तिचे रोजचे काम. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची सोललेली पट्टी. गिऱ्हाइकाला ती कधी नेमका हातभर गजरा देत नसे, चार फुले जास्तच घालायची. तिचा नवरा दिनानाथ चेष्टेने म्हणायचा, "अगं, तुझं हे झुकतं माप बघून फुलंसुद्धा दमतील." ती हसायची आणि पुन्हा चार फुले जास्त घालायची.

अशा बाईला मीटर कशाला हवा? सांगतो. जयवंतीचे माहेर केळव्याचे. लहानपणी ती तिथल्या समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर सायकल शिकली. शिकवले तिच्या आईने, आशालताबाईंनी. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती. तरी पदर खोचून, मागचे कॅरिअर धरून त्या लेकीच्या मागे धावल्या होत्या. लग्न होऊन निघताना जयवंती आईला म्हणाली होती, "बघ, एक दिवस सायकलवर बसून माहेरी येईन." ते राहूनच गेले. आता आशालताबाई थकल्या होत्या आणि दिवाळीनंतर केळव्याचे घर बंद करून मुलाकडे नाशिकला कायमच्या जाणार होत्या. म्हणजे जायचे तर याच वर्षी. पुढच्या वर्षी तिथे दार उघडायला कुणी असणार नव्हते.

वसईतल्या बायकांचा एक सायकल गट दिवाळीआधी केळव्याला जाणार होता. गटाची प्रमुख सालोमी, शाळेत खेळ शिकवणारी. सगळे तिला टीचर म्हणत. तिचा एक नियम होता. ज्या बाईला यायचे आहे, तिने आधी तीन तासांत चाळीस किलोमीटर करून दाखवायचे, आणि तेही स्वतःच्या मीटरवर. मागे मदतीची गाडी नसणार, महामार्गावर अंधार पडायच्या आत पोहोचायचे, म्हणून हा नियम. मला तो पटला होता. हवेतल्या अंदाजांवर माझा मुळीच विश्वास नाही.

जयवंतीने मला खणातून काढले, पुसले, घड्याळवाल्याकडून नवा सेल घालून आणला. पुढच्या चाकाच्या तारेवर माझे लोहचुंबक बसवले, चाक धरणाऱ्या चिमट्यावर सेन्सर. मग उमंगला फोन लावला. तो म्हणाला, "आई, चाकाचा घेर मोज आणि मीटरमध्ये टाक. मिलिमीटरमध्ये हं."

आता माझे गुपित ऐका. मला रस्ता दिसत नाही. लोहचुंबक सेन्सरपुढून गेले की मला एक टिचकी बसते. एक टिचकी म्हणजे चाकाचा एक फेरा. तुम्ही मला जो घेर सांगाल, त्याने मी फेऱ्यांना गुणतो. घेर खरा तर मी खरा. घेर चुकला तर मी इमानेइतबारे, न थकता, चूकच सांगत राहतो.

घेर मोजायला जयवंतीने हाताशी होते तेच घेतले. गजऱ्यांसाठी पाण्यात भिजवलेली सोपटाची लांब पट्टी. तिने ती टायरभोवती गुंडाळली, जिथे टोक टेकले तिथे कापली. तेवढ्यात केळीची पाने न्यायला माणसे आली. पट्टी वलणीवर पडली. सगळी कामे उरकून, चहा पिऊन तिने ती शिंप्याच्या टेपने मोजली आणि आकडा माझ्यात टाकला. दिनानाथने चष्मा लावून तो दोनदा तपासलाही. आकडा टेपशी अगदी जुळत होता.

मग सराव सुरू झाला. गजरे पोहोचवून ती रिकाम्या कॅरिअरने निघायची. कधी कळंब, कधी अर्नाळा, कधी वसईच्या किल्ल्यापर्यंत आणि परत. ती बाई काय सायकल चालवायची! उगाच जोर नाही, धाप नाही. खाडीवरचा वारा समोरून आला की मान थोडी खाली घालून ती एकाच लयीत पुढे जात राहायची. पण तीन तास संपले की माझ्यावर आकडा असायचा अडतीस आणि काही. चाळीस कधीच नाही. रोज घरी आल्यावर ती मला बोटाने पुसून बघायची, जणू काचेवरच्या धुळीमागे ते उरलेले अंतर लपले असेल. एकदा ती दिनानाथला म्हणाली, "अहो, वय झालं हो माझं." तो नुसता तिच्यासाठी पाणी घेऊन आला. मला फार वाईट वाटले. पण मी काय करणार? मला दिलेल्या घेरानेच मी गुणत होतो.

परीक्षेचा रविवार आला. सालोमी स्वतः तिच्या शेजारून सायकल चालवत होती. किल्ल्याजवळ तीन तास संपले तेव्हा दोघी थांबल्या. सालोमीने आपला मीटर पाहिला आणि ओरडली, "ताई, चाळीस! अरे वा, वरती थोडं जास्तच! केळवं पक्कं!"

जयवंतीने माझ्याकडे पाहिले. माझ्यावर नेहमीचेच अडतीस आणि काही होते.

मित्रांनो, त्या क्षणी ती हसून पुढे निघाली असती तर कुणाला कळले असते? आईचे दार तिच्यासाठी उघडे होते. पण ती सायकलवरून उतरली आणि म्हणाली, "टीचर, तुमचा मीटर तुमच्या चाकाचा. नियम माझ्या मीटरचा आहे. माझ्यात चाळीस नाहीत."

"अहो ताई, मी बाजूलाच होते ना? मी काय उडत आले?"

"तसं नाही. पण रस्त्यात मी मागे पडले तर सगळ्या अडकतील. उगाच माझ्यासाठी नका झुकतं माप देऊ."

  सालोमीने दोन्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि विचारले, "एका रस्त्याची दोन अंतरं कशी होतील? चाक कशाने मोजलं होतं?"

"सोपटाने."

"ओल्या की सुक्या?"

 जयवंतीने कपाळावर हात मारला. पट्टी गुंडाळली ओली आणि मोजली सुकल्यावर! मित्रांनो, गजरा ओल्या सोपटावर का बांधतात, ठाऊक आहे? वाळताना सोपट आखडते आणि फुलांना घट्ट धरते, म्हणून. जन्मभर हातांना माहीत असलेली गोष्ट, पण चाक मोजताना ती डोक्यात आलीच नाही! "देवा रे," ती म्हणाली, "मी माझ्या चाकाचाच गजरा केला!" आणि दोघी रस्त्यावर उभ्या राहून इतक्या हसल्या की कडेचा नारळपाणीवालाही हसू लागला.

मग सालोमीने आपल्या पिशवीतून पंप, खडू आणि टेप काढून नीट मोजायला शिकवले. टायरमध्ये हवा पुरेशी भरली. हवा भरायच्या नळीचे तोंड अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण केली. जयवंतीला सीटवर बसवले, कारण माणसाच्या वजनाने टायर किंचित दबतो आणि घेर बदलतो. सायकल सरळ पुढे ढकलत नेली, नळी पुन्हा खाली आली तिथे दुसरी खूण केली. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले. माझ्यात टाकलेल्या घेराहून ते चार बोटे जास्त निघाले. प्रत्येक फेऱ्याला चार बोटे! रोज इतका रस्ता तिने कापला होता आणि मी तो तिच्या पदरात घातलाच नव्हता.

जयवंतीने सकाळचे अंतर खऱ्या घेराने पुन्हा काढले. एकदा नाही, दोनदा. चुकून आपल्याकडे झुकते माप पडायला नको, असे तिचे म्हणणे. दोन्ही वेळा उत्तर चाळीसच्या वर आले. मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली, तेही जिंकल्यावर.

पुढच्या रविवारी आम्ही केळव्याला गेलो. सुरूच्या झाडांखालून शेवटचे वळण घेतले तेव्हा आशालताबाई फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या. जयवंती उतरणार, तोच त्या म्हणाल्या, "थांब, उतरू नकोस." त्यांनी काठी फाटकाला टेकवली, मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरले. धावणे आता शक्य नव्हते. फाटकापासून ओट्यापर्यंतची दहा-बारा पावले त्या तशाच चालल्या आणि लेक पेडलवर हळूहळू पाय फिरवत राहिली. ओट्याशी पोहोचल्यावर आशालताबाईंनी विचारले, "किती झालं गं?" जयवंतीने माझ्यावरचा आकडा वाचलाच नाही. ती म्हणाली, "पोचले, आई."

मला राग आला नाही. काही अंतरे माझ्या कामाची नसतात, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, आजही मी जयवंतीच्या हँडलवर आहे. माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या खणात पडले असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा, सेल बदला आणि चाक नीट मोजून त्याला खरा घेर सांगा. आणि कधी कुठल्या मापाने तुम्हाला कमी ठरवले, तर लगेच मान खाली घालू नका. आधी विचारा, मोजायचे सोपट ओले होते की सुके?