न उगवलेले पऱ्हे

सकाळपासून धुरपताबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू घालवला. ठरणार तरी कसा? समुद्रकाठच्या ज्या चर्चने कारध्यात दवाखाना काढला, त्या चर्चला शंभर वर्षं झाली होती. त्याचा इतिहास छापून निघणार होता, आणि कारध्याचं पान गावाला वाचून दाखवायला तिकडून टीना नावाची मुलगी आली होती. दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली धुरपता पहिल्याच खुर्चीवर बसली. शेजारी तिचा घरशेजारी केवळराम.

टीनाने वाचलं, ‘गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर दोन वर्षांनी पुराने उभं धान नेलं. पुढच्या पेरणीसाठी चर्चच्या माणसांनी घरोघरून धान जमवून पाठवलं. पण तिथला दवाखाना चालवणाऱ्या फादर बावतीस यांच्या अज्ञानामुळे उकडलेलं धान बियाणं म्हणून वाटलं गेलं. चौदा घरांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उगवले नाहीत, रोवणी झाली नाही.’

“बराबर लिवलं,” केवळराम म्हणाला. “त्या पादऱ्यानं मातीत घातलं आमाले. त्या साली लेकराबायकोले घेऊन मी विटाभट्टीवर गेलो. माही शकू शाळेतून निघाली ते निघालीच.”

धुरपताला ठाऊक होतं. खोटं! साफ खोटं! फादर जन्माने कोळी. पोती उघडून त्यांनी तिलाच विचारलं होतं, “धुरपताबाई, हे पेरता येईल ना? आमच्याकडे धान उकडूनही ठेवतात म्हणे.” आणि ही शहाणी फिदीफिदी हसली होती. उसना, म्हणजे उकडा तांदूळ तिला ठाऊक नव्हता थोडाच? पण तो गिरणीतून यायचा. टरफलासकट उकडलेलं धान कुणी पोत्यात भरून धाडेल, हे इकडच्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही. खरं तर मूठभर धान ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, मोड आले तरच पेरायचं, ही साधी रीत. पण मृग लागला होता, घाई होती, आणि तोरा तर विचारूच नका. “फादर, तुमी मासे धरणारे. धानाचं मले इचारा,” असं म्हणून तिनेच पोती वाटायला लावली होती.

पऱ्हे उगवले नाहीत. गाव दवाखान्यावर चालून आलं. फादर म्हणाले, “चूक माझी.” तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली. नोकरी जाईल, गाव तोंडात शेण घालेल, या भीतीने ती गप्प बसली, आणि पुढे गप्प बसायची सवयच झाली.

“फादर कसे आहेत?” तिने विचारलं.

“दिवाळीत गेले, मावशी. हे पान त्यांनीच सांगून माझ्याकडून लिहून घेतलं.”

धुरपता उठली. तिला रडू आवरेना.

“खोड ते, पोरी. चूक माही होती.” आणि तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या हसण्यासकट.

टीना गोंधळली. “मावशी, तुमचं नाव घालू?”

“घाल! नाई घातलं तर आग लागो तुह्या पुस्तकाले.”

केवळराम तिच्याकडे वळला.

“इतके वर्षं मी त्या देवमाणसाले शिव्या देऊन राहिलो,” तो म्हणाला. “माह्याच आंगनात, माह्याच बाजेवर बसून तू आइकत होती?”

“हो, भाऊ,” धुरपता म्हणाली. “आइकत होती. अन् मान हालवत होती.”